वाफेवाचून उघडणारं दार

धुलाईघराच्या मालकीणबाईंचा निरोप आला तेव्हा फिटरबाई जेवायला बसायच्या बेतात होत्या. निरोप साधाच होता. बॉयलरचं दार हल्ली आळस करतंय, एकदा बघून जा.

फिटरबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. फिटर होता त्यांचा नवरा. तो गेल्यावर पाने-हातोड्यांची पेटी गंजून जाईल म्हणून बाईंनी ती उचलली, ती उचललीच. आता घरी त्या आणि त्यांच्या सासूबाई, एवढंच बिऱ्हाड. सासूबाईंना दिसत जवळजवळ नव्हतंच, पण जिभेची धार शाबूत होती. "जा, जा," त्या ताटावरूनच म्हणाल्या. "लोखंडाला भूक लागत नाही, पण तू ओ देतेस आधी त्यालाच."

बाई गेल्या.

धुलाईघर मोठं होतं. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांची मेजपोसं, वसतिगृहांची पांघरुणं, सगळं तिथे यायचं आणि एका बॉयलरच्या वाफेवर धुऊन, वाळून, इस्त्री होऊन जायचं. पुढच्या दालनांत साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास. बायकांच्या गप्पा, यंत्रांचा धडधडाट. मागे मागे जावं तसे आवाज विझत जायचे. शेवटच्या लोखंडी जिन्याच्या तीन-चार पायऱ्या उतरल्या की बॉयलरची खोली. तिथे कोळशाचा वास, उबदार अंधार, आणि भट्टीची एकसुरी घरघर, झोपलेल्या माणसासारखी.

तिथला भट्टीवाला अंगापिंडाने दांडगा होता, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. बोलायचा मात्र इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे.

"बघा," तो म्हणाला, आणि त्याने फावडं भरलं.

भट्टीच्या तोंडाला दोन जाड लोखंडी फळ्यांचं दार होतं. जमिनीत एक पायपट्टी होती. भट्टीवाल्याचे दोन्ही हात फावड्यात अडकलेले, तेव्हा त्याने नुसता पाय द्यायचा. मग बॉयलरचीच थोडी वाफ दारावरच्या छोट्या सिलिंडरमध्ये शिरायची, आतला दट्ट्या दांडा ढकलायचा आणि फळ्या दोन बाजूंना सरकायच्या. कोळसा आत गेला, पाय उचलला, की वाफ दुसऱ्या बाजूने येऊन दार लावून टाकायची. दार फावडंभर वेळच उघडं राहावं, हा सगळ्याचा हेतू. कारण बॉयलरच्या आतली एखादी पाण्याची नळी फुटली तर वाफेच्या धक्क्याने आग उघड्या दारातूनच बाहेर झेप घेते, आणि दारासमोर उभा असतो भट्टीवाला.

पैलवानाने पाय दिला. काहीच झालं नाही. तो फावडं तोलून शांत उभा राहिला. मग, कुणी बसल्या जागेवरून गुडघ्यावर हात टेकून उठावं तसं, दार सावकाश उघडलं. कोळसा आत गेला. पाय उचलला. दार थोडं थांबलं, आणि मिटलं.

"पूर्वी पाय टेकायच्या आत उघडायचं," पैलवान म्हणाला. "आता म्हातारं झाल्यासारखं करतं."

बाईंनी शिडी लावली आणि दारावरच्या सिलिंडरला वाफ नेणाऱ्या नळीवर सवयीने हात ठेवला. दुसऱ्याच क्षणी त्यांनी तो पुन्हा ठेवला, या वेळी तळवा पूर्ण टेकून. नळी गार होती. धगधगत्या बॉयलरला चिकटलेली नळी, आणि गार.

"वाफ बंद केलीयेस का रे?"

"नाही. मी त्या कॉकला कधी हातच लावला नाही."

कॉक गंजून दगड झाला होता. बाईंनी नळी सोडवली. आत पांढरा क्षार इतका घट्ट बसला होता की त्यातून सुईसुद्धा गेली नसती. ही नळी आज-काल तुंबलेली नव्हती. वर्षं झाली होती.

शहाण्या माणसाने इथेच खाली उतरून मालकीणबाईंना बोलावलं असतं. पण बाईंचा स्वभाव असा, की गाठ दिसली की सोडवल्याशिवाय घास उतरायचा नाही. त्यांनी सिलिंडरचं झाकण उघडलं आणि विजेरी आत धरली.

दट्ट्या नव्हता. दांडा आत शिरतो तिथेच कापलेला होता. आणि जिथे उकळती वाफ खेळायला हवी, तिथे भिंतीला कुंभारमाशीचं मातीचं घरटं होतं. जुनं, वाळलेलं, शाबूत. त्याच्या कडेने कोळ्याने जाळंही विणलं होतं.

"पैलवान," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपणही हळू बोलतोय. "पाय दे."

"झाकण उघडं आहे ना?"

"म्हणूनच. दे."

त्याने पाय दिला. बाई डोळ्यांत तेल घालून आत बघत होत्या. काही हललं नाही. मग जाळ्याचा एक धागा थरथरला... आणि खाली दार उघडलं. भट्टीचा लाल उजेड बाईंच्या तोंडावर आला.

त्यांनी हातमोजा काढला. "पुन्हा," त्या म्हणाल्या, आणि बोटं सिलिंडरमध्ये घातली.

या वेळी वेळ लागला. मग त्यांच्या बोटांवरून काहीतरी गेलं. वारा नव्हता, वारा गार असतो किंवा गरम असतो, हे दोन्ही नव्हतं. कुणी गर्दीत वाट काढताना "जरा सरका" म्हणून हलकेच अंग चोरून जावं, तसं ते गेलं. आणि दार उघडलं.

बाई खाली आल्या आणि कोळशाच्या ढिगाशेजारच्या उलट्या बादलीवर बसल्या. भीती वाटली का, असं पुढे त्यांना सासूबाईंनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की भीती नंतर वाटली. तेव्हा आधी नवलच वाटलं. एवढी वर्षं हे दार कोणाच्या जिवावर चाललं?

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

पैलवान फावड्याच्या मुठीकडे बघत होता. "आत काही नाही हे नव्हतं ठाऊक. पण..." तो थांबला. "माझ्या आधीचे जे बाबा होते, त्यांनी मला एकच शिकवलं. दाराची घाई करू नकोस आणि दारावर ओरडू नकोस. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची लहर. मग मागच्या थंडीत बॉयलरमधली नळी फुटली. माझा पाय पट्टीवरच होता बाई. मी उचलला नव्हता. मी शपथेवर सांगतो, नव्हता उचलला. तरी दार धाडकन लागलं. आतून आगीचा लोट आदळला तो फळ्यांवर. तेव्हापासून..."

"तेव्हापासून काय?"

"तेव्हापासून ते दमल्यासारखं करतं."

बाईंना दाराचा तो संथपणा आठवला, आणि भीती वाटली ती तेव्हा. पुढची नळी फुटेल तेव्हा दाराला मिटायला उशीर झाला तर? हा समोरचा माणूस, कोळशाने माखलेला, घरी दोन जुळ्या मुलींना खांद्यावर घेऊन फिरणारा, जळून जाईल. जे काही दार ओढत होतं त्याच्या भरवशावर त्याला सोडता येणार नव्हतं.

"नवा दट्ट्या बसवते," त्या म्हणाल्या. "नवी नळी, नवा कॉक. दार वाफेवरच चाललं पाहिजे."

"आणि मग... तो?"

"कोण तो?"

पैलवानाने फावडं भिंतीला टेकवलं. म्हणाला, "इतकी वर्षं राबवून घेतलं. आता नवीन आलं म्हणून जा म्हणायचं. जाईल कुठे?"

बाईंना हसू आलं. तंग झालेल्या माणसाला येतं तसं. "माझ्याकडे पाठवून दे," त्या म्हणाल्या. "आमच्या म्हातारीला दार उघडायला कोणीतरी हवंच आहे."

पैलवान हसला नाही.

मालकीणबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की आतले भाग झिजलेत. खोटंही नव्हतं ते. बॉयलर थंड करून काम झालं. दट्ट्या बसला, घरटं खरवडून काढलं. ते काढताना बाईंचा हात दोनदा थांबला, पण काढलं. भट्टी पुन्हा पेटली, वाफ चढली. पैलवानाने पाय दिला आणि दार खटकन उघडलं, खटकन मिटलं. एक फुसकारा, बस. नळी इतकी गरम की हात लावायची सोय नाही. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

पैलवानाने सवयीने पाय देऊन क्षणभर वाट पाहिली, तोवर दार उघडून आग त्याच्याकडे बघत उभी होती. "सवय होईल," तो म्हणाला.

घरी बाईंना दारातच हसण्याचा आवाज आला. सासूबाई एकट्याच हसत होत्या.

"आज कोणाला पाठवलं होतंस गं?" त्यांनी विचारलं. "मी दोन्ही हातांत कपबशा घेऊन स्वयंपाकघरातून येत होते. दाराशी आले, म्हटलं आता कोपराने ढकलावं, तर दार आपणहून उघडलं. सावकाश, अदबीने. मी म्हटलं, शेजारची पोर असेल. बोलली मात्र काही नाही."

बाईंच्या हातातली पेटी खाली ठेवताना जरा जोरात आदळली.

मग त्यांनी करून पाहिलं. न करून कशा राहतील? स्वयंपाकघराच्या दारासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हातांत पातेलं धरून. काही नाही. मग दाराने एक श्वास घेतल्यासारखं वाटलं, आणि ते उघडलं. हात रिकामे ठेवून उभ्या राहिल्या. तेव्हा उघडलं नाही. पातेलं घेतलं, उघडलं. ओझ्याचं माणूस त्याला कळत होतं.

"राहू दे गं," सगळं ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या. "खात नाही, पीत नाही, उलट बोलत नाही. तुझ्यापेक्षा बरा." आणि त्या दिवसापासून दारातून जाताना त्या "सुखी राहा" म्हणू लागल्या. बाईंनाही सवय झाली. खरं सांगायचं तर घर थोडं भरल्यासारखं वाटू लागलं. दार उघडण्यातला आळसही हळूहळू कमी झाला. विश्रांती मिळाल्यावर माणूस टवटवीत होतो, तसं.

एका दुपारी बाई कामाला निघाल्या. पेटी एका हातात, पाइपांची जुडी दुसऱ्या. बाहेरच्या दाराशी येऊन त्या थांबल्या. दार उघडलं नाही. त्यांनी पेटी खाली ठेवून कडी ओढली. कडी निघाली, दार हललं नाही. खांदा लावला. भिंतीला लावल्यासारखा.

"काय झालं गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही. अडकलंय."

तेवढ्यात बाईंच्या तळहाताला चटका बसला. दार तापलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर दाराच्या हिरव्या रंगाला फोड आले, फुगले, आणि एकेक फुटत गेले. बाई मागे सरल्या. जिन्यात आग लागली, हाच पहिला विचार. दार लावून धरलंय ते आम्हाला वाचवायला. त्यांनी सासूबाईंना हाताला धरून पलीकडच्या खिडकीपाशी नेलं, ओल्या फडक्याने त्यांचं तोंड झाकलं, आणि कान दिला.

बाहेर जिन्यात शेजारीण कोणाशी तरी भाजीच्या दरावरून बोलत होती. निवांत. मग तिची पावलं वर गेली.

कितीतरी वेळाने दार मुकाट्याने सैल झालं. बाईंनी फडक्याने धरून ते ढकललं. जिना होता तसाच होता. धूर नाही, काजळी नाही. समोरच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. त्यांनी दाराची बाहेरची बाजू चाचपली. गार. रंग नवा असल्यासारखा गुळगुळीत. पायपुसणंसुद्धा करपलं नव्हतं.

जळलं होतं ते फक्त आतल्या बाजूने.

बाईंनी दार लावलं आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. एवढी वर्षं भट्ट्यांची दारं उतरवली, चढवली. भट्टीचं दार कुठल्या बाजूने तापतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. या दाराने घरालाच भट्टी धरलं होतं.

"घर गार पडलं गं एकदम," खिडकीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग मान वळवून त्या ऐकू लागल्या. "अगं... कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मग दार कोणासाठी उघडतंय?"

बाईंचे दोन्ही हात रिकामे होते. सासूबाईंचेही. आणि बाहेरचं दार सावकाश, अदबीने उघडत होतं, पलीकडे कोणीतरी दोन्ही हातांत भार तोलून उभं असल्यासारखं.