तरस, बरणी आणि न भरणारी बंदूक

हवा जात होती कुठे, हेच कुणाला कळत नव्हते.

सांभाळराव पंप मारत होता. खाली-वर, खाली-वर. तो रोबो होता म्हणून बरे, माणूस असता तर एव्हाना आडवा झाला असता. पंपाची नळी एका नव्याकोऱ्या बंदुकीला जोडलेली होती. पण बंदुकीवरच्या दाबमापकाचा (आत हवा किती कोंबली आहे हे दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा शून्यावर जो ठाण मांडून बसला होता, तो हलायचे नाव घेईना.

"भर ना रे बाबा लवकर!" चैत्राली म्हणाली. अकरा वर्षांची ती मुलगी आता रडायच्या बेतात आली होती.

रडू यायला कारणही तसेच होते. कऱ्हाकाठच्या माळावर एका बाभळीखाली तरस बसले होते आणि त्याचे डोके प्लॅस्टिकच्या बरणीत अडकले होते. कुणीतरी सहलीला आले, बिस्किटे खाल्ली आणि बरणी तिथेच फेकून चालते झाले. तळाच्या चुऱ्यासाठी तरसाने आत तोंड घातले, ते बाहेर निघेना. दोन दिवस त्याला ना खाता येत होते, ना पाणी पिता येत होते. बरणीला एक चीर गेली होती, तेवढ्यावर त्याचा श्वास चालला होता. वर घिरट्या घालणारा ड्रोन त्याचे चित्र प्राणी-उपचार केंद्राच्या पडद्यावर दाखवत होता. श्वासाने बरणी धुरकट व्हायची, पुन्हा निवळायची. सकाळपेक्षा आता ते फार सावकाश चालले होते.

ही खबर आणली होती म्हाळू आबांनी. आबा माळावर मेंढरे राखत. आताही ते केंद्राच्या दाराशी उकिडवे बसून होते.

"ह्याच तरसानं माझी दोन कोकरं नेली," ते म्हणाले. "लई शिव्या दिल्यात मी त्याला. पर म्हणून त्यानं असं तडफडून मरावं व्हय? बघवंना मला."

चैत्रालीची वैजू मावशी ही या केंद्राची डॉक्टर. सकाळी ती जाळे घेऊन गेली होती, पण चाहूल लागताच तरस आंधळ्यासारखे धावत सुटले ते थेट हमरस्त्याकडे. ट्रकखाली येता येता वाचले. आता उपाय एकच उरला होता, लांबूनच गुंगीचे औषध टोचायचे. केंद्राची जुनी बंदूक मोडली होती, म्हणून त्यासाठी ही हवेची बंदूक आजच्याच विमानाने आली होती. हिच्यात दारू नाही की गोळी नाही. आतल्या कोठीत आधी हवा दाबून भरायची. चाप ओढला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि औषधाची सुई पुढे ढकलते. हवाच नसेल तर ही बंदूक आणि काठी सारखीच.

"थांब जरा," मावशी रोबोला म्हणाली. "नुसता जोर लावून काय होणार? हवा जातेय म्हणजे तिला वाट आहे. आधी वाट शोधू."

वनखात्याने या रोबोला भला मोठा क्रमांक दिला होता. पण तो उठता-बसता "सांभाळून!" म्हणे, म्हणून सगळे त्याला सांभाळराव म्हणत. आताही तो म्हणालाच, "सांभाळून! बंदुकीच्या तोंडासमोर कुणी येऊ नये. ती रिकामी असली तरी."

मावशीने आधी पंपावरचा हवा सोडायचा स्क्रू पाहिला. घट्ट होता. मग नळीच्या जोडावरची रबरी कडी तपासली. तीही धड होती. चैत्रालीने वाटीत साबण कालवून आणला, मावशीने तो फेस प्रत्येक सांध्यावर लावला आणि सांभाळरावाने पुन्हा पंप मारला. सायकलची ट्यूब पंक्चर असली की बुडबुडे येतात ना, तसे कुठेतरी यायला हवे होते. एकही आला नाही.

"मग काय हवा जादूनं जाते?" चैत्राली वैतागली.

तेवढ्यात तिला बारीक फुसफुस ऐकू आली. मावशीने बंदुकीचे तोंड केंद्रामागच्या मातीच्या बांधाकडे वळवले. सांभाळरावाने लांब काठीला चिंधी बांधून ती बाजूने बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी धरली. दुसऱ्या हाताने पंप मारताच चिंधी फडफडली.

"अगं बाई! हा मागून भरतोय आणि ती पुढून पळतेय!" मावशी म्हणाली.

तिने खडूने फरशीवर चित्र काढले. "ही हवेची कोठी. हिच्या तोंडाशी ही झडप, म्हणजे दार. दाराबाहेर ही हातोडी, तिच्यामागे जाड स्प्रिंग. चाप ओढला की हातोडी दारावर आदळते, दार क्षणभर उघडतं, हवा निसटते आणि दार लगेच बंद."

"पण बंद कोण करतं?"

मावशी थबकली. प्रश्न सोपा होता, आणि सोप्या प्रश्नांची हीच खोड असते. "एक छोटी स्प्रिंग आहे म्हणा आतून," ती म्हणाली, "पण अगदी नाजूक."

"निष्कर्ष," सांभाळराव म्हणाला, "बंदूक सदोष आहे. परत पाठवावी. दुसरी चार दिवसांत येईल."

चार दिवस! चैत्रालीने पडद्याकडे पाहिले. तरसाने बरणीसकट मान जमिनीवर टेकली होती. तिने डोळे गच्च मिटले आणि ती फुसफुस आठवू लागली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी ऐकायची ती. कुठे बरे?

"कुकर!" ती ओरडली. "मावशी, आमचा कुकर!"

"आता कुकर कुठून काढलास?"

"त्याचं झाकण आतून बसतं ना. बाबा वरण लावतात तेव्हा सुरुवातीला कडेनं वाफ अशीच फुसफुसते. मग बाबा फडक्यानं दांडा धरून झाकण जरा वर ओढून धरतात. वाफ धरली की सोडून देतात. त्यानंतर झाकण ढिम्म हलत नाही. आतली वाफच त्याला दाबून बसते!"

मावशी फरशीवरच्या चित्राकडे पाहतच राहिली. मग तिने खडूने कोठीच्या आतून दाराकडे बाण काढले. "चैतू, दार बंद ठेवते ती आतली हवाच! जितकी हवा जास्त, तितकं दार घट्ट. आणि ही कोठी तर पार रिकामी. दाबलेली हवा विमानात चालत नाही, म्हणून शेवटच्या फुंकरीपर्यंत काढून पाठवलीय. आतून दार रेटायला कुणी नाही आणि बाहेर ही हातोडी आपली दाराला टेकून बसलेली. दार लागणार कसं? आपली जुनी बंदूक कधी पुरती रिकामी झालीच नव्हती, म्हणून इतकी वर्षं हे कळलं नाही."

"मग हातोडी मागे ओढून धर की! बाबा झाकण धरतात तशी."

"सांभाळून!" रोबो मध्ये पडला. "नियम: निशाणा समोर असल्याशिवाय हातोडी मागे ओढायची नाही."

नियम खरा होता. मावशीने तो आजवर एकदाही मोडला नव्हता, आणि म्हणूनच बंदूक भरत नव्हती. चैत्रालीला रोबोचा असा राग आला म्हणता! पण रागावून रोबो ऐकत नाहीत, हे तिला ठाऊक होते.

"सांभाळराव," ती म्हणाली, "हा नियम कशासाठी केलाय?"

"चुकून चाप ओढला जाऊन कुणाला इजा होऊ नये यासाठी."

"मग बघ. नळीत सुई नाही. तोंड बांधाकडे आहे. चापाचा खटका लावलेला आहे, म्हणजे चाप हलणारच नाही. बंदूक फक्त मावशी धरणार आणि मी तुझ्यामागे उभी राहणार. आता कुणाला इजा होईल?"

सांभाळरावाचे दिवे लुकलुकले. "कुणालाही नाही," तो म्हणाला. "नियमाचं कारण पाळलं जातंय. परवानगी आहे. पण जोडाला तेलाचा थेंबही नको. दाबलेली हवा आणि तेल एकत्र आले की भडका उडतो."

मावशीने हातोडी मागे ओढली. खट्. सांभाळरावाने पहिले काही दट्टे भराभर मारले आणि फुसफुस थांबली. काटा किंचित थरथरला, शून्यावरून उठला आणि चढू लागला. दोनशे बारला (आपल्याभोवतीच्या हवेचा जेवढा दाब, साधारण तेवढा एक बार) मावशीने हात वर केला. आबांनी सुटकेचा सुस्कारा टाकला.

पण काटा हळूच खाली घसरला.

"गळतेय! अजून गळतेय!" चैत्रालीचा जीव खालीवर झाला.

"नाही गं. सायकलला हवा भरल्यावर पंप गरम लागतो की नाही? हवा दाबली की तापते. तापलेली हवा जास्त रेटा देते. ती निवते तसा रेटाही थोडा उतरतो. बघत राहा, कुठंतरी थांबेल."

काटा थांबला. मावशीने हातोडी हलकेच पूर्वीच्या जागी टेकवली. सगळ्यांनी कान टवकारले. चिंधी हलली नाही. आता दार आतूनच घट्ट लागले होते.

पुढचे काम मावशीचे होते. वाऱ्याची दिशा पाहून ती रांगत बाभळीजवळ गेली. सुई मांडीत बसली, तरस दोन पावले चालले आणि काही मिनिटांत आडवे झाले. त्यानंतरच तिने चैत्रालीला हाक मारली. सांभाळरावाने बरणी कापून काढली, मावशीने सलाईन लावले. बिचाऱ्याची जीभ सुकून फाटली होती. चैत्रालीला ते पाहवेना, पण तिने नजर फिरवली नाही.

मावशीने तिच्या कानांना स्टेथोस्कोप लावला आणि दुसरे टोक तरसाच्या छातीवर टेकवले. "ऐक."

लब-डब. लब-डब.

"हे दारं लागल्याचे आवाज आहेत. हृदयातही झडपा असतात. पुढे गेलेलं रक्त मागे फिरायला बघतं आणि त्याच्याच रेट्यानं दार लागतं."

"रक्तच दार लावतं?" चैत्रालीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आणि एखाद्याचं दार झिजलं तर?"

"तर नवं बसवतात. अजून हवं तितकं चांगलं नाही जमत ते. तुझ्यासारखं कुणीतरी 'बंद कोण करतं' म्हणून विचारत बसलं, की जमेल."

मोठेपणी आपण काय करायचे, ते चैत्रालीने तिथेच मनाशी ठरवून टाकले.

उन्हे कलताना तरस जागे झाले. सगळे लांब, माळावरच्या एका बांधाआड बसले होते. मेंढरांसाठी राखलेले पाणी आबांनी आपल्या हाताने पसरट घमेल्यात ओतून ठेवले होते. तरस झोकांड्या खात उठले, थबकले, त्याने नाक वर करून वास घेतला आणि घमेल्यात तोंड घातले.

"पी रं," आबा पुटपुटले. "पोटभर पी."

तरस पीत राहिले आणि त्याची तहान भागेपर्यंत बांधाआडचे कुणीही जागचे हलले नाही.