माझ्याखाली कुणी राहत नाय

नमिता गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा प्रविणच्या डोक्यावर धाड् धाड् चाललं होतं. पेणच्या त्या इमारतीत तो तळमजल्यावर राही. तसाच वर गेला आणि दारातूनच ओरडला, "बंद करा ते! माझी बायको गेली!"

वर राहणारी भूमिका पाट्यावर पापडाचं पीठ कुटत होती. वरवंटा हातातच राहिला. संध्याकाळी तिने खाली पिठलं-भात आणून ठेवला.

तेरावा झाला, महिने गेले. वर आवाज नाही. एक दिवस सेक्रेटरी विष्णुकाका म्हणाले, "दम दिलास ते बरं झालं. नवऱ्याला सोडून आलेली बाई ती..."

प्रविण वर गेला.

"पापड का बंद केले?"

"खाली दुखवटा हाय ना! आमच्यात अशा घरावर वरवंटा नाय चालवत. तुमी सांगाल तवा कुटीन म्हटलं."

"आणि मी सांगितलंच नाय... मग भागवता कसं?"

"लोकांकडं चपात्या लाटते." ती हसली. "तुमचा राग लय लांबला पण!"

"आजच कुटा."

आवाज सुरू झाला, तसे विष्णुकाका दोघा-चौघांना घेऊन जिन्यात आले.

"पोटासाठी कुटते, काका. कुटणार!" भूमिका दारात उभी राहिली.

"प्रविण, तक्रार तुझीच होती ना?"

"होती. आता नाय." त्याने पाटा उचलला. "हा माझ्याकडं नेतो. माझ्याखाली कुणी राहत नाय."

"बायकोला वर्ष नाय झालं. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

तेव्हापासून दुपारी भूमिका खाली येते. प्रविण टेम्पो लावून आला की वरवंटा घेतो.

"हळू... पीठ हाय ते, विष्णुकाका नाय!"

तिने तेलात बुडवलेली लाटी पुढे केली. त्याने हात पुढे न करता तोंडच पुढे केलं. ती लाजली, पण लाटी भरवली.

"नमिताला तिखट आवडायचं," तो म्हणाला.

"मंग पुढल्या पिठात मिरी वाढवू."

त्याने वरवंटा बाजूला ठेवला. "तू वर गेलीस ना... की मला करमत नाय."

"मला तरी कुठं करमतं?"

इमारतीत दोघांचं नाव जोडलं जातंय. दार ते उघडंच ठेवतात. भूमिकाची सोडचिठ्ठी अजून झालेली नाही, आणि लग्नाचं प्रविणने अजून विचारलेलं नाही.