डाव्या सीटचा पट्टा

लाइट गेली होती. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरात आम्ही तिघंच होतो. मी, नातू सिद्धांत आणि नात इशिता. इशिता म्हणाली, "आजोबा, भुताची गोष्ट सांगा. पण पिंपळावरची नको, प्लीज. बोअर होतं यार."

"पिंपळावरची मला येत नाही," मी म्हणालो. "घडलेली येते. मोबाइल खाली ठेव. मध्ये बोलायचं नाही."

ठेवला. मग मी सांगितली. जशी सांगितली तशीच इथे लिहितो.

बळवंत माझा मित्र. एकाच ऑफिसातले आम्ही. तो क्लार्क, मी ड्रायव्हर. त्याचा मुलगा यतीन, लांब केसांचा. ही गोष्ट त्याची. त्याने माझ्यासमोर बसून सांगितली. मी पदरचं काही घालत नाही.

मागच्या डिसेंबरची चोवीस तारीख. बुधवार. महिनाअखेर बळवंत रिटायर होणार होता. सरकारी क्वार्टर सोडायचं आणि अकोल्याला जायचं, असं ठरलेलं. पोराला त्याने सांगितलं होतं, "पक्की नोकरी दाखव. नाहीतर ट्रकात तुझीही गादी टाकतो." यतीन दिल्लीत जन्मला, दिल्लीत वाढला. अकोल्यात त्याचं कोण आहे? त्याला इथेच राहायचं होतं.

काम त्याने शोधलं होतं. फरीदाबादला जुन्या गाड्या विकणाऱ्याचं यार्ड. तिथे गाड्यांचे फोटो काढायचे. पण अजून कच्चा होता. मालक पारखून घेत होता.

"फोटो काढायला काय लागतं?" सिद्धांत म्हणाला. "फोन धरायचा, क्लिक."

मलाही तसंच वाटायचं. तसं नाही. लोक आता गाडी मोबाइलवर बघून पसंत करतात. तिथे सगळ्या गाड्या एकसारख्या दिसाव्या लागतात. तीच भिंत, तीच जागा, तोच उजेड. चाकं कुठे ठेवायची त्याच्या चुन्याने खुणा. फोनचा स्टँड कुठे, त्याच्याही खुणा. ऊन असलं तर सावली पडते. अंधार झाला तर गाडी मळकी दिसते. म्हणून काम करायचं ते तिन्हीसांजेला.

"तिन्हीसांज म्हणजे?" इशिता.

"शाम. मराठी विसरा तुम्ही."

तर तेवढाच थोडा वेळ हातात. आणि यतीनचे फोटो रोज परत येत होते. कधी चाक वाकडं, कधी भिंत कापलेली. एकदा भिंतीवर कबूतर बसलं म्हणून सगळे परत. पोरगा वैतागला होता. त्या दिवशी मालक म्हणाला, "भाई, तेरी हर गाड़ी अलग दुनिया में खड़ी है. आज वाली आज ही साइट पर चढ़ेगी. फिर वापस आई, तो कल मत आना."

आजवाली म्हणजे एक चंदेरी छोटी गाडी. दुपारीच आली होती. आतून इतकी स्वच्छ, की पुसायला काही नव्हतं. यतीनने चौकीदाराला विचारलं, "किसकी है?"

"एक लड़का छोड़ गया. चाबी पकड़ाई और ऑटो में बैठ गया. मुड़कर भी नहीं देखा." एवढं बोलून चौकीदार चहा प्यायला निघून गेला.

यार्डात यतीन एकटा. ऊन उतरलं. धुकं उतरायला लागलं, पण अजून पातळ होतं. त्याने गाडी खुणांवर लावली. पुढचा फोटो, मागचा, उजव्या बाजूचा. तिन्ही चांगले आले. त्याला बरं वाटलं.

मग आतला फोटो. गाडी किती चालली ते आकडे दिसायला हवेत. त्यासाठी चावी फिरवावी लागते. त्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसून चावी फिरवली.

टीं... टीं... टीं...

डाव्या सीटचा पट्टा बांधला नाही, म्हणून गाडी ओरडत होती. समोर लाल दिवा. आता नव्या गाड्यांत हे असतं. सीटवर वजन आलं की तिला कळतं. पण सीट रिकामी होती. त्याने सीटवर हात फिरवला. खाली पाण्याची बाटली अडकली का ते पाहिलं. चावी बंद केली, चालू केली.

टीं... टीं... टीं...

फोटोत लाल दिवा चालत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, गाडीत बिघाड आहे. पुन्हा बंद. पुन्हा चालू. बाहेर उजेड चालला होता. दिल्लीच्या पोराला येतात तेवढ्या शिव्या त्याने त्या गाडीला दिल्या. मग सगळे करतात तेच केलं. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला.

आवाज थांबला. दिवा गेला. फोटो आला.

"पप्पा पण तेच करतात," सिद्धांत म्हणाला. "सीटवर भाजी ठेवली की."

"मध्ये बोलायचं नाही म्हटलं ना."

शेवटचा फोटो राहिला. डाव्या बाजूचा. यतीन बाहेर आला, स्टँड खुणेवर ठेवला, फोनमध्ये पाहिलं. पुढच्या दाराची काच धुरकट. त्याने फडक्याने पुसली. निघेना. धुरकटपणा आतून होता.

थंडीत होतं तसं. तो परत ड्रायव्हरच्या दाराने वाकला, हात लांब करून काच आतून पुसली. लख्ख झाली. स्टँडजवळ आला, पाहतो तर पुन्हा तेच. पुन्हा पुसली. पुन्हा धुरकट. बाकीच्या सगळ्या काचा साफ. ही एकच. त्याने फडकं जमिनीवर आपटलं. "मला वाटलं, काका, गाडी मला अकोल्याला पाठवायचं ठरवूनच आली आहे," असं तो म्हणाला. इतका त्याला राग आला होता.

राग होता म्हणून जवळ गेला. नाहीतर गेला नसता.

जवळून पाहिलं. सगळी काच धुरकट नव्हती. एकच ठिपका. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. ठिपका मोठा व्हायचा... मग लहान. मोठा... मग लहान.

त्याने आत पाहिलं.

रिकाम्या सीटवर पट्टा कसा असतो? पाठीला चिकटून. मी जन्मभर गाडी चालवली, मला माहीत आहे. हा तसा नव्हता. पुढे आलेला होता. सीटची पाठ आणि पट्टा यांच्यामध्ये जागा होती... जेवढी माणसाला लागते तेवढी.

आणि पट्टा हलत होता. ठिपक्याबरोबर. वर... खाली...

इशिता सिद्धांतला चिकटून बसली. 

यतीन पळाला नाही. का ते त्याने मला सांगितलं. पळाला तर फोटो नाही. फोटो नाही तर नोकरी नाही. फाटकाकडे एकदा पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. उजेड संपत आला होता.

त्याने डावं दार उघडलं. मान दुसरीकडे वळवली. कुठल्या भाषेत बोलावं ते कळेना. शेवटी हिंदीत म्हणाला,

"माफ़ करना जी... ग़लती से बाँध दिया."



चाचपडत हात आत घातला. हाताला ऊब लागली. बटण सापडलं. दाबलं.

पट्टा सुटला की सपकन वर जातो. लोखंड दाराला आपटतं. हा तसा गेला नाही. हळू गेला... कुणीतरी धरून सोडावा तसा. त्याच्या बोटांना लागू नये म्हणून.



त्याने दार लावलं. हळूच लावलं. मागे मागे सरकत स्टँडपर्यंत आला. काचेवर ठिपका होताच.

मग काच पुसली गेली.

आतून. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सावकाश... कोपरासुद्धा सोडला नाही.

त्याने बटण दाबलं. फोटो आला. फोन उचलला आणि फाटकाबाहेर पडला. स्टँड तिथेच राहिला. चौकीदार गेला होता त्या चहाच्या टपरीवर, माणसांच्या गर्दीत उभं राहून त्याने सगळे फोटो पाठवले. एकही न बघता.

मेट्रोत बसला तेव्हा मालकाचा फोन आला.

"शाबाश. आज सब एक जैसी हैं. कल से तू पक्का."

यतीनने फोन कानाशी घट्ट धरला.

"और सुन. वो जो एक एक्स्ट्रा भेजी है, अंदर से बाहर वाली... क्या साफ़ आई है. अब से हर गाड़ी में वो भी चाहिए."

फोन बंद झाल्यावर यतीनने फोटो उघडून पाहिले. महिनाअखेर बळवंत अकोल्याला गेला. यतीन दिल्लीतच आहे, त्याच यार्डात. तो जास्तीचा फोटो त्याने मला दाखवला. मी चष्मा लावून पाहिला.

गाडीच्या आतून काढलेला आहे. डाव्या सीटवरून. काच लख्ख. बाहेर संध्याकाळचा उजेड आणि समोर यतीन. स्टँडवर वाकलेला. दोन्ही हात फोनवर.

यतीनकडे फोन एकच आहे.