नेदरच्या वरंब्यांतली हाक

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या सासूबाई हेस्टर यांनी ती एकदाच सांगितली, पुन्हा विषय काढू दिला नाही.

नोव्हेंबर १९६८, इंग्लंडमधलं लेस्टरशायर. दुपारचे तीन वाजले होते. धुकं इतकं, की कुंपणही दिसेना.

गावाबाहेर आमचं नेदर नावाचं कुरण आहे. गवताखाली जुने, वाकडे वरंबे. सहाशे वर्षांपूर्वी तिथं गाव होतं. कुणाचा बैल, कुणाचा नांगर... सगळे सावडीनं एकमेकांची पट्टी नांगरायचे. मग साथ आली आणि गाव ओस पडलं.

सासऱ्यांना, म्हणजे क्लेमेंटना, तिथं बार्ली पेरायची होती. त्यांच्या भावानं अडवलं. बाबांनी तिथं कधी नांगर घातला नाही म्हणाला.

"बाबांनी आयुष्यात अंघोळ तरी किती वेळा केली?" सासरे म्हणाले आणि वरंब्यांवर सरळ आडवा ट्रॅक्टर घातला.

सासूबाई चहा घेऊन गेल्या. त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं...

पक्षी नव्हते.

ताज्या नांगरटीवर पक्ष्यांची झुंबड उडते. त्या दिवशी एकही नव्हता.

सासऱ्यांनी ट्रॅक्टर बंद केला. आणि मग आवाज आला...

लाकडी जू करकरल्याचा.

गावात बैल जुंपून पन्नास वर्षं झाली होती.

धुक्यातून कुणीतरी विचारलं, "एक गडी कमी पडतोय. येतोस का?"

शेजाऱ्यानं नांगरटीला बोलावलं, तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. होकार तोंडातून आपसूक निघतो.

"आलो," सासरे म्हणाले. "पलीकडचा विल्फ असेल गं. चहा झाकून ठेव."

ते गेले.

चहा गार झाला. सासूबाई घसा बसेपर्यंत हाका मारत राहिल्या. विल्फ धावत आला, तो त्याच्या घरातून. त्यानं कुणालाच बोलावलं नव्हतं.

सकाळी पोलीस आले. सासऱ्यांच्या बुटांचे ठसे एका वाकड्या वरंब्यावरून गेले होते. दोन्ही बाजूंना बैलांच्या खुरांचे ठसे. शेताच्या मध्यावर सगळेच ठसे संपले...

आणि आदल्या दिवशीची सरळ नांगरट कुठंच नव्हती. जुने वरंबे जसेच्या तसे, वर गवत.

ते शेत आम्ही पुन्हा नांगरलं नाही. मला वाटायचं, तेवढं पुरेसं आहे.

मागच्या गुरुवारी असंच धुकं होतं. माझा नवरा रोलंड घरी आला. बूट काढता काढता म्हणाला, नेदरकडून कुणीतरी मदतीला बोलावत होतं.

मी हातातलं काम टाकून वळले.

"तू काय म्हणालास?"

"आज दमलोय म्हटलं," तो म्हणाला. "उद्या नक्की येतो."

त्या दिवसापासून मी त्याला नेदरकडे फिरकू दिलेलं नाही, दाराला आतून कुलूप घालते. तो हसतो.

धुकं अजून उठलेलं नाही.