ओळ पूर्ण करणारे

हसिनी, ते गुणगुणणं आधी बंद कर. चहा प्या, बिस्किटं खा, एकमेकांची टिंगल करा, हवी तर माझी करा. पण यात्रेकरूंची ती साद या पडवीत नको, आणि उद्या डोंगरावर तर अजिबात नको. सीझन संपलाय.

हसताय काय रे? श्रीपाद डोंगरावरचं पाऊल बुद्धाचं की शिवाचं की आदमबाबाचं, गोऱ्या लोकांशी गोड कसं बोलायचं, सगळं तुमच्या गाइडच्या क्लासात घोकून घेतात. डोंगराचा राखणदार समन देव मे महिन्यात खाली उतरतो हेही पेपरात लिहीत असाल. मूर्ती वाजतगाजत खाली येते, दिवे बंद होतात, टपऱ्या मिटतात. मग डिसेंबरच्या पौर्णिमेपर्यंत डोंगर कुणाच्या ताब्यात असतो, हे विचारलंय कधी परीक्षेत? नाही ना? मग बसा. कविंद, तो मोबाइल पालथा ठेव.

समोर निळ्या पत्र्याचं घर दिसतंय, दिवा जळतोय ते? ते सोमावतीचं. डोंगराच्या पायथ्याच्या कमानीपाशी फुलं विकायची. दिलंक तिचा एकुलता एक मुलगा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तिचा सगळा जीव या पोरात. पोरगं गोड, बडबडं, मला फार आवडायचं. पण राजांची नावं डोक्यात राहत नसत, त्यामुळे गाइडच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला. तिसरी खेप शेवटची होती. हीन बंडा, माझा शेजारी आणि जन्माचा दोस्त, त्याला शिकवायचा. त्याने मला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, पदरचं काही घालत नाही.

काम साधंच होतं. एका जर्मन जोडप्याला सूर्योदय दाखवून खाली आणायचं, हीन बंडाने शेरा द्यायचा, की दिलंकचं प्रॅक्टिकल संपलं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, नोव्हेंबरातल्या इल पौर्णिमेनंतरची चौथी रात्र, गुरुवार. रात्री दोनला चौघं कमानीतून निघाले.

"मामा, गुडघ्याला तेल चोळलंत का? नाहीतर तुम्हालाच पाठीवर घ्यावं लागेल."

"तू राजांची नावं घोक. माझा गुडघा कधीच पास झालाय."

सीता गंगुलाचा ओढा ओलांडेपर्यंत असंच चाललं होतं. मग चढ लागला आणि गुडघा बोलायला लागला. हीन बंडा मागे पडला, बाकीचे तिघं इंदिकटुपानच्या विसाव्याला जाऊन टेकले. पहिल्यांदा येणारा नवखा तिथेच सुईत पांढरा दोरा ओवून टोचतो आणि दोरा उलगडत वर जातो. सीझनमध्ये तिथं दोऱ्यांचं नुसतं जाळं असतं. त्या रात्री बंद टपऱ्या होत्या आणि धुकं.

जर्मन बाईने विचारलं, यात्रेकरू गातात म्हणे, कसं ते? क्लासमध्ये शिकवलेलंच होतं, पर्यटकाला अनुभव द्या. आमच्या दिलंकने दिला अनुभव. घसा साफ केला आणि साद घातली.

आता नीट ऐका. जथ्याचा म्होरक्या, आपला नडेगुरा, अर्धी ओळ म्हणतो. उरलेली अर्धी मागची माणसं म्हणतात. ज्याने ओळ पूर्ण केली तो त्या नडेगुराचा झाला. मग तो म्हातारा असो, आजारी असो, त्याला वर न्यायचं, पावलावर डोकं टेकवून घ्यायचं, खाली आणायचं. नडेगुराच्या दारात माणसं त्याच्या पाया पडतात, तो सांगतो, "आता आपापल्या घरी जा," तेव्हा कुठे जथा सुटतो. आपल्या धंद्यात चार थापा चालून जातात. माणसं वाटेत टाकलेली चालत नाहीत.

दिलंकने अर्धी ओळ म्हटली, आणि खालून धुक्यातून कुणीतरी ती पूर्ण केली. एकाने नव्हे, पुष्कळ जणांनी. बायका होत्या, म्हातारे होते, एक मूल मध्येच खोकलं. जर्मन बाईने टाळ्या वाजवल्या. दिलंक खूश झाला. मागून आपल्यातलीच कुणी येताहेत असं वाटून त्याने दुसरी साद घातली. उत्तर आलं. जवळून आलं.

तिसऱ्या खेपेला त्याने तोंड उघडलंच नव्हतं.

तरी ओळ पूर्ण झाली.

तेवढ्यात पायऱ्यांवर बॅटरी दिसली. हीन बंडा. एकटाच.

"मामा, तुमच्या मागे केवढी माणसं आहेत?"

"माझ्या मागे कोण असणार? सगळ्या वाटेत कुत्रंसुद्धा भेटलं नाही."

मग त्याने पोराचं तोंड पाहिलं.

"साद घातलीस?"

दिलंकने मान डोलावली.

"कितीदा?"

...

हीन बंडाच्या आजाच्या वेळची हकिगत आहे. सीझन संपता संपता एक जथा वर निघाला आणि वादळात सापडला. नडेगुरा म्हणाला, इथंच बसा, पुढची वाट बघून येतो. वाट बघितली आणि दुसऱ्या बाजूने एकटाच उतरून गेला. माणसं इंदिकटुपानला बसून राहिली, भिजत, तो येईल म्हणून. त्यांच्यातलं कुणी घरी परतलं नाही.

हीन बंडा एवढंच म्हणाला, "चल. मागे वळू नकोस. आता ती तुझी माणसं आहेत."

"मामा, थट्टा करू नका ना."

तेव्हा मागून एक म्हातारी बोलली. अगदी खांद्याजवळून.

"बाळा, अजून किती राहिलं?"

या डोंगरावर हा प्रश्न कुणी विचारत नाही, अपशकुन मानतात. शेंबडं पोरसुद्धा विचारत नाही.

वर काय झालं ते हीन बंडाने मरेपर्यंत सांगितलं नाही. सूर्योदय चांगला झाला म्हणायचा. जर्मन लोकांनी फोटो काढले, दुपारच्या बसने निघून गेले.

दिलंक घरी आला तेव्हा हीन बंडा सोबत होता. सोमावतीने दार उघडलं, पोराकडे पाहिलं, मग त्याच्या मागे अंगणात पाहिलं.

"अरे, एवढी माणसं? आधी सांगायचंस तरी. एवढ्यांना चहा कशात करू? आणि सगळी ओलीचिंब!"

हीन बंडाने वळून पाहिलं. अंगण रिकामं. कोरडं.

दिलंकने वळून पाहिलंच नाही. म्हणाला, "आता... आपापल्या घरी जा."



"हे जात का नाहीत रे?" सोमावतीने विचारलं. "पायासुद्धा पडत नाहीत. नुसती बघताहेत."

जाणार कुठे? घरं उरली असतील का त्यांची? मला अजून वाईट वाटतं, त्यांच्यासाठीही वाटतं.

पंधरा-वीस दिवसांनी निकाल आला. दिलंक पास. आपल्या अख्ख्या नल्लतन्नी गावाला सोमावतीने खीरभात वाटला. ती माणसं तिला पुन्हा दिसली नव्हती, त्यामुळे बाई सुखात होती. पोरगं मात्र वाळत चाललेलं. माझ्या याच पडवीत बसून म्हणाला, "मामा, या डिसेंबरच्या उंदुवप पौर्णिमेला देव वर जाईल ना, की सुटलो मी." मी म्हटलं, सुटलास. दुसरं काय म्हणणार?

पौर्णिमेला दोन रात्री राहिल्या होत्या.

दिलंक चटईवर झोपलेला. सोमावती जागी होती, हार ओवत. वाऱ्याचा आवाज नाही. रस्त्यावर कुणी नाही.

आणि बाहेरून साद आली.

अर्धी ओळ.

...

सोमावतीला काय कळलं देव जाणे. हातातली फुलं टाकून धावली. पोराच्या तोंडावर हात दाबला. दोन्ही हात. अंगाचा सगळा भार टाकून.

तो झोपेतच होता.

तिच्या हाताखाली त्याचे ओठ हलले.

ओळ पूर्ण झाली.

रात्रभर ती त्याला मिठी मारून बसली. सोडलं नाही, डोळासुद्धा मिटला नाही, असं ती आजही शपथेवर सांगते. उजाडलं तेव्हा तिच्या मिठीत चादर होती. दाराला कडी आतून होती.

पोलीस आले, लष्कराची पोरं दोर लावून दरीत उतरली. चप्पलसुद्धा मिळाली नाही. गाइडचं कार्ड नंतर पोस्टाने आलं, त्यावर त्याचा हसरा फोटो. ते तिने भिंतीवर लावलंय. आता ती फुलं विकत नाही. अंधार पडला की दार सताड उघडं ठेवून दिवा लावून बसते. पोराला हाका मारते, समजावते, रडते. हीन बंडा होता तोवर तोही बसायचा, मग मी बसायला लागलो. काही उपयोग नाही, ते तिलाही ठाऊक आहे.

काय गं हसिनी? पुढे काय? पुढे काही नाही.

एवढंच, की त्या सकाळी तिच्या दाराच्या चौकटीत एक सुई टोचलेली सापडली. पांढरा दोरा ओवलेली. दोरा अंगण ओलांडून कमानीकडे गेलेला. पुढे कुठवर गेलाय ते बघायला आमच्यातलं कुणी गेलं नाही, मीही नाही. सुई टोचतो तो नवखा. आणि दिलंक तर आईच्या कडेवर असल्यापासून वर जायचा. डोंगराला तो नवखा नव्हता, त्या जथ्याला होता.

सोमावती ती सुई काढू देत नाही. सकाळी निघताना बघा हवं तर, हात लावू नका. तीन वर्षं झाली... कडक ऊन पडलं तरी तो दोरा ओलाच असतो.