नाव नाही, तर मोजणीत नाही

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. ताई उगाच थापा मारणाऱ्यातली नाही.

दिवस मंगळवार. दुपारचे चारला पाच कमी. कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरची काचेची खोली.

ताईचं काम असं. कुणी कुठल्याही दाराला कार्ड लावलं की तिच्या प्रोग्रामकडे नुसता नंबर यायचा. प्रोग्राम डेटाबेसमध्ये बघून त्याला नाव जोडायचा आणि त्या दाराआड किती माणसं आहेत ते दाखवायचा. साहेबांच्या सांगण्यावरून तिने एक अट घातली. कंत्राट संपलेल्याचं नाव शोधायचंच नाही. नाव नाही, तर मोजणीत नाही.

"यादीत कचरा कशाला?" साहेब म्हणाले होते.

त्या अटीने एक माणूस खाल्ला.

कोल्ड स्टोरेजचा फिटर. कंत्राट आदल्या दिवशी संपलेलं, काम मात्र उरलेलं. स्क्रीनवर दिसलं, 'आत: शून्य'. चार वाजता बाहेरून दार लागलं...

सकाळी उघडलं.

चौकशीत सगळ्यांनी हात झटकले. "मला सांगितलं ते केलं," ताई म्हणाली. अट तशीच ठेवली. काढली असती तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

महिन्याने, त्या मंगळवारी, स्क्रीनवर एक ओळ आली.

कोल्ड स्टोरेज. नाव कोरं.

तिने पहारेकऱ्याला फोन केला. "बाई, कुलूप आहे. चावी माझ्या कमरेला."

दुसरी ओळ... खालचा जिना. नाव कोरं.

तिसरी... तिसरा मजला.

मशिनची घरघर थांबली. बाहेर लोक बोलत होते, तोंडं हलत होती... आवाज नव्हता.

मग तिच्या खोलीचं दार 'टिक' वाजलं.

कुणी आत आलं नाही.

ताईने अट काढून टाकली. "घे बाबा, घे तुझं नाव!"

नाव उमटलं. फिटरचंच.

आणि खोलीत थंडी भरली. दार उघडेना. ती काचेवर मुठी आपटत होती, घसा फोडून ओरडत होती. समोरून माणसं जात होती. एक बाई तर तिच्याकडे बघून केस नीट करून गेली!

सतरा मिनिटांनी शिपायाने दार उघडलं. "अहो, आत होतात? खोली तर रिकामी दिसत होती."

ताईने त्याच दिवशी चौकशीवाल्यांना खरं काय ते लिहून दिलं आणि नोकरी सोडली. साहेबांना धक्काही लागला नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही काढलेली ती अट... परत आलीय. मी नाही घातली. आणि चारपासून साहेब सापडत नाहीयेत. सगळीकडे 'आत: शून्य' दाखवतंय."

तेव्हा साडेपाच वाजले होते.

"कोल्ड स्टोरेज उघडा," ताई म्हणाली.

पण लगेच म्हणाली नाही.

मला हे सांगताना तिने मान वर केली नाही. "फोन कानाला तसाच धरून बसले होते गं," ती म्हणाली. "किती वेळ, ते मला आठवत नाही."