दुआचा पहिला रोजा

इंझोरीच्या अशफाकने मशिदीसाठी डिजिटल पाटी जोडली होती. गावाचे अक्षांश-रेखांश भरले, की सूर्य कधी बुडणार आणि रोजा कधी सोडायचा, ते तीच मोजून दाखवणार. आधी घरी चालवून पाहावी म्हणून त्याने ती ओसरीवर टांगली. दिवसही हौसेचा होता. त्याच्या सात वर्षांच्या लेकीचा, दुआचा पहिला रोजा! गळ्यात फुलांचा हार, आणि पोरीने पहाटेपासून पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"सूर्य का तुही पाटी पाहून बुडते?" त्याची आई ताजबी हसली.

"अम्मी, सूर्य चुकन एखाद्वेळी. पाटी नाई."

पाटीवर इफ्तार ६:३१ होता. साडेसहाला पाहिलं, तर ६:३८. रेखांशात एका अंशाची चूक झाली की चार मिनिटं सरकतात, हे अशफाकला ठाऊक होतं. त्याने आकडे पुन्हा भरले. ६:५२ आले. मग ७:२०.

"पाटी राहू दे, आभाय पाय…" अंगणातून ताजबीचा आवाज आला. तो हसरा नव्हता.

सूर्य हरभऱ्याच्या वावराला टेकला होता आणि तिथंच होता. घड्याळात सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. सगळे अजानकडे कान लावून बसले, पण गावातून साधं कुत्र्याचं भुंकणंही येईना. अंगणभर तोच तांबूस उजेड, आणि सावल्या बोटभरही सरकलेल्या नाहीत.

दुआचे ओठ पांढरे पडले. तिची आई नमरा पेला घेऊन आली.

"पी बेटा."

"सूर्य हाय ना अजून… माहा रोजा मोडन, अब्बा."

"अशफाक," ताजबी कुजबुजली, "सूर्य तुह्या पाटीची वाट पाहून राह्यला…"

अशफाक ओसरीकडे धावला. त्याने पाटीची वायर हिसकली.

दिवा फुंकावा तसा काळोख झाला. घरातली लाईटही गेली. लगेच दारावर थापा पडल्या. शेजारचा उजैर घामाघूम होऊन उभा होता.

"कुठी होते तुमी? अजानपासून चारदा येऊन गेलो. दार उघडं, घरात कोणीच नोतं! आता रातची तरावीची नमाजबी झाली…"

दुआने खजूर खाल्ला आणि ती घटाघटा पाणी प्यायली. अशफाक तिला पोटाशी धरून ढसाढसा रडला. नमराने मोबाइलचा उजेड लावला आणि ती थिजली.

भिंतीवर दुआची सावली होती, सांजवेळची, लांबच लांब. उजेड कुठंही फिरवला तरी ती हलेना. दुआ दुसरा पेला तोंडाला लावत होती. सावलीचे हात मांडीवरच होते, आणि ती मान वर करून अजून वाट पाहत होती.